मोर्णा नदीचा धडा

अकोला शहरांतून वाहणारी मोर्णा पुढें पूर्णेस मिळते, व पूर्णा तापीस. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा असल्यामुळें तेथील पुष्कळ विहिरींचें पाणी पिण्याजोगें नसतें. असें असतां शहर जी घाण नदींत सोडतें, ती खालच्या गांवांच्या वाट्यास येते. नदी घाण करणारा एक, आणि भोगणारा दुसराच असतो.

या मोर्णेंत जलपर्णी माजली होती. तेव्हां शनिवार, १३ जानेवारी २०१८ रोजीं सहा हजारांहून अधिक लोक, लहानथोर, स्त्रीपुरुष, पात्र स्वच्छ करण्यास उतरले. पहिल्या टप्प्यांत चार किलोमीटरांचा भाग घेऊन दोन्ही तीरांवर १४ ठिकाणीं काम झालें. पुढेंही शनिवारीं सकाळीं काम करण्याचें ठरलें. हें श्रमदान खरोखर स्तुत्य होतें.

परंतु जलपर्णी कां माजते, हें समजून घेतलें पाहिजे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हें तिचें अन्न होय. अनुकूल स्थितींत सुमारें दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, आणि तिचें बीं चिखलांत कित्येक वर्षें जिवंत राहतें. ती पसरली म्हणजे पाण्यांतील प्राणवायु कमी होऊन मासे मरतात, व डांस वाढतात. तात्पर्य, नाल्यांचें तोंड नदीकडेच राहिलें, तर उपटलेलें पुन्हां उगवणारच. ताटांतील माशा हांकलाव्या, आणि ताट मात्र उघडेंच ठेवावें, तसें हें होय.

मग उपाय कोणता? मेळघाटाच्या पायथ्याचें पायविहीर गांव पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २०१२ सालीं त्या ग्रामसभेस १९२ हेक्टर उजाड जमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गांवानें झाडें लाविलीं, आणि त्यांची राखणही केली. पुढें तेथील सीताफळें मुंबईपर्यंत विकलीं गेलीं, व २०१४ सालीं गांवास भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. एक दिवसाचा उत्साह आणि रोजची राखण यांतील भेद येथें दिसतो.

यास्तव प्रत्येक गांवानें आपल्या नाल्याविषयीं विचार करावा :

१. आपलें सांडपाणी कोठें जातें? तें शोषखड्ड्यांत घेतां येईल काय?

२. आपल्या खालचें गांव कोणतें, व तेथील लोक कोणतें पाणी पितात?

३. श्रमदानाच्या दुसऱ्या दिवशीं राखण कोण करणार?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं ठरवावें, आणि मगच कुदळ उचलावी.