घरची टाकसाळ : बिटकॉइन-यंत्राचा जमाखर्च

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाशी मराठ्यांच्या अमलाखाली असताना तेथील टाकसाळीत चांदीचे रुपये पाडले जात. त्यांवर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे असे आणि टाकसाळीचे ठिकाण म्हणून झाशीचे जुने नाव 'बळवंतनगर' उमटविलेले असे. मराठी मुलखात टाकसाळ चालविणे हा पुष्कळदा परवाना घेऊन करावयाचा धंदा होता. चांदीची किंमत, भट्टीचा कोळसा, ठसे, कारागिरांची मजुरी आणि सरकारचा हक्क एवढे वजा जाता हाती काय उरते, हे पाहूनच तो धंदा कोणी पत्करीत असे. हिशेब चुकला तरी त्याला एक आधार होता. पाडलेला रुपया वितळविला तर त्यातील चांदी परत मिळे.

आज त्याच झाशीत एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी घरच्या बचतीतून यंत्र उभारून 'बिटकॉइन' पाडण्याचा विचार करू लागला, तर त्यालाही तोच प्रश्न सोडवावा लागतो. त्याच्या टाकसाळीत चांदी मात्र नसते. तेथे जे काही खर्च होते ते वीज होऊन जाते, आणि वीज परत मिळत नाही. म्हणून या हिशेबातील एकेक रक्कम नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये मांडण्यात आली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. या खातेवहीचा कोणी एक मालक नाही. तिच्या प्रती जगभरच्या हजारो गणकयंत्रांवर ठेवलेल्या आहेत. नवे पान जोडण्याचा मान कोणाला मिळावा हे ठरविण्यासाठी एक प्रकारची सोडत काढली जाते. पानावरील मजकुराला एक अंक जोडून त्याचे एका ठरावीक गणिती रीतीने रूपांतर करावयाचे. येणारे उत्तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आले तर तो जिंकला, न आले तर अंक बदलून पुन्हा प्रयत्न. उत्तर कसे येईल याचा अंदाज आधी बांधता येत नाही. त्यामुळे बुद्धीला येथे काहीच वाव नाही. दर सेकंदास ज्याचे प्रयत्न अधिक, त्याला संधी अधिक. यालाच 'मायनिंग' किंवा खनन असे नाव पडले आहे. खणण्यासारखे त्यात काही नसले तरी हे नाव आता रूढ झाले आहे.

सुमारे दर १० मिनिटांस एक पान पुरे होते. जिंकणाऱ्यास प्रारंभी ५० बिटकॉइन मिळत. हे बक्षीस सुमारे दर चार वर्षांनी निम्मे होते. २०१२, २०१६ आणि २०२० याप्रमाणे एप्रिल २०२४ मध्येही ते निम्मे झाले व ३.१२५ वर आले. दिवसास १४४ पाने धरली तर साऱ्या जगात मिळून दिवसाला ४५० बिटकॉइन निर्माण होतात. यंत्रे वाढली म्हणून हा आकडा वाढत नाही. दर २०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, सोडतीची मर्यादा आपोआप अधिक कडक किंवा अधिक सैल केली जाते आणि पानामागचा वेळ पुन्हा १० मिनिटांवर येतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक गोष्टी समजतात. शेजाऱ्याने दुसरा बैल जुंपला तर त्याचे शेत अधिक नांगरले जाते. येथे मात्र शेजाऱ्याने दुसरे यंत्र लावले की पहिल्याचा वाटा घटतो.

आता यंत्राकडे वळू. आरंभीच्या एकदोन वर्षांत साध्या घरगुती गणकयंत्रावर बिटकॉइन मिळत असत. पुढे चित्रांकनासाठी, विशेषतः खेळांसाठी, बनविलेली 'ग्राफिक्स कार्डे' हे काम कितीतरी पटींनी वेगाने करतात असे आढळले, आणि स्वतः जुळणी करण्याचा छंद तेथून फोफावला. दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सहा कार्डे, त्यांना सामावून घेणारा मदरबोर्ड, दणकट पॉवर सप्लाय आणि काही पंखे आणावयाचे व ॲल्युमिनियमच्या किंवा चक्क लाकडी सांगाड्यावर ते बसवावयाचे, असा हा उद्योग होता. कुशल हाताला तो एका दिवसाचा. परंतु २०१३ च्या सुमारास केवळ हेच एक गणित करणाऱ्या खास चकत्यांची यंत्रे बाजारात आली आणि बिटकॉइनच्या शर्यतीतून ग्राफिक्स कार्डे बाद झाली. ती 'ईथर' नावाच्या दुसऱ्या चलनासाठी काही वर्षे उपयोगी पडली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाने खननाची पद्धतच सोडून दिली, आणि कार्डांचे ढीग जुन्या बाजारात विक्रीस आले.

तेव्हा स्वतः जुळणी केलेल्या सांगाड्याला आज बिटकॉइनच्या दृष्टीने अर्थ उरलेला नाही. त्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते. त्यातील कार्ड काढून ते चित्रांकनासाठी, खेळासाठी किंवा विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी वापरता येते, आणि विकले तर काही किंमत येते. खास यंत्राचे तसे नाही. एका गणितापलीकडे त्याला काहीच येत नाही. त्याहून वेगवान यंत्र निघाले की त्याची किंमत घसरत घसरत भंगाराच्या भावाला येते. २०१६ सालचे एक गाजलेले यंत्र सुमारे १,३५० वॅट वीज घेऊन सेकंदाला साडेतेरा लक्ष कोटी प्रयत्न करी. २०२४ च्या सुमाराचे यंत्र ३,५०० वॅटमध्ये २०० लक्ष कोटी प्रयत्न करते. म्हणजे तेवढ्याच विजेत सुमारे सहापट काम. जुने यंत्र बिघडले नव्हते, पण ते चालविणे परवडेनासे झाले.

असे एक २०० लक्ष कोटींचे यंत्र झाशीतील घरी लावले आहे असे समजू. एप्रिल २०२४ च्या सुमारास जगातील सर्व यंत्रांचा एकत्रित वेग अशा सुमारे ३० लक्ष यंत्रांइतका होता. म्हणजे एका पानाच्या सोडतीत जिंकण्याची शक्यता ३० लक्षांत एक. दिवसाला १४४ सोडती धरल्या तर एकदा जिंकण्यास सरासरीने ५७ वर्षे लागतील. इतकी वाट कोण पाहणार? म्हणून अनेक यंत्रधारक एकत्र येऊन 'पूल' नावाचा संघ करतात आणि कोणीही जिंकले तरी बक्षीस ज्याच्या त्याच्या कामाच्या प्रमाणात वाटून घेतात. पूल चालविणारा त्यातून थोडी दलाली कापतो. त्याने उत्पन्न नियमित होते, मात्र वाढत नाही.

यंत्राचा वाटा ४५० चा ३० लक्षावा भाग, म्हणजे दिवसाला ०.०००१५ बिटकॉइन. सोपेपणासाठी एका बिटकॉइनची किंमत ५० लक्ष रुपये धरली तर दिवसाची मिळकत ७५० रुपये होते. व्यवहारशुल्काचा थोडा भाग वर मिळतो, तो पुलाच्या दलालीत गेला असे मानू. वीज लागते ३.५ किलोवॅट, चोवीस तास, म्हणजे ८४ युनिट. युनिटला सरासरी ७ रुपये धरले तर ५८८ रुपये. उरले १६२ रुपये. यंत्राची किंमत वाहतूक व जकात मिळून ३ लक्ष रुपये मानली तर ती फिटण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. बक्षीस त्या आधीच, २०२८ च्या सुमारास, पुन्हा निम्मे होणार आहे.

हे झाले थंड खोलीतले गणित. झाशीचा उन्हाळा त्यात अजून आलेला नाही. बुंदेलखंडाच्या खडकाळ पठारावरील या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही नवलाई नाही. यंत्रांचे निर्माते मात्र ४० ते ४५ अंशांपर्यंतचीच हवा चालेल असे सांगतात. शिवाय यंत्राने घेतलेली वीज जाते कोठे, याचाही विचार केला पाहिजे. गणित करून झाल्यावर ती सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने खोलीत उतरते. साडेतीन किलोवॅटचे यंत्र म्हणजे दोन हजार वॅटच्या पावणेदोन शेगड्या अहोरात्र पेटत्या ठेवणे होय. योगायोग असा की, एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र जेवढी उष्णता बाहेर फेकते तीही जवळजवळ साडेतीन किलोवॅटच असते. एका खनन-यंत्रामागे एक टनाचे वातानुकूलन यंत्र, असा सरळ हिशेब आहे. ते तासाला एक युनिट घेते असे धरले तर दिवसाचे २४ युनिट, म्हणजे १६८ रुपये. वर उरलेले १६२ रुपये येथेच संपले, आणि ६ रुपये पदरचे गेले.

घरातील वायरिंग हीदेखील दुर्लक्षिण्याजोगी बाब नाही. २३० व्होल्टवर साडेतीन किलोवॅट म्हणजे १५ अँपिअरहून अधिक प्रवाह. १६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर वीस मिनिटे चालतो. हे यंत्र वर्षभर थांबत नाही. जुन्या घरातील बारीक तारा व सैल जोड अशा अखंड भाराने तापतात, आणि आगीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, त्यावर दर किलोवॅटमागे स्थिर आकार भरावा लागतो. आवाजाचा खर्च पैशांत मांडता येत नाही, परंतु ७५ डेसिबलचा घरघराट घरात रात्रंदिवस चालू असताना परीक्षेचा अभ्यास कसा होईल, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

याहून मोठी रक्कम कराची आहे. भारतात अशा चलनावर बंदी नाही, पण त्याला कायदेशीर चलनाचा दर्जाही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना यापासून दूर राहण्याचा दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. त्यानंतर २०२२ च्या वित्त अधिनियमाने अशा मालमत्तेच्या विक्रीतील उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला. संपादनाच्या किंमतीखेरीज कोणताही खर्च त्यातून वजा करता येत नाही, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातून वळता करता येत नाही. खननासाठी उभारलेल्या सामग्रीचा खर्च संपादनाची किंमत मानला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. किराणा दुकानदार मालाची किंमत व दुकानभाडे वजा करून नफ्यावर कर भरतो. येथे संपूर्ण ७५० रुपयांवरच कर लागतो. उपकरासह तो ३१.२ टक्के म्हणजे २३४ रुपये होतो. हाती येतात ५१६, आणि विजेचे बिल ५८८. वातानुकूलन, यंत्राची झीज आणि गुंतविलेल्या ३ लक्षांचे व्याज अजून बाजूलाच आहे.

यावर कोणी म्हणेल की, बिटकॉइनचा भाव चढला तर? तो चढतो, तसाच कोसळतोही. पण भाव चढला की जगभर अधिक यंत्रे लागतात आणि दोन आठवड्यांच्या फेरमापनाने प्रत्येकाचा वाटा कमी होतो. २०२५ मध्ये जगाचा एकूण वेग अशा ५० लक्ष यंत्रांइतका झाला होता. त्या वेगाने झाशीतील यंत्राचा वाटा ०.०००१५ वरून ०.००००९ वर येतो. शिवाय भाव चढेल असा ज्याचा खरोखर विश्वास असेल त्याने यंत्र का घ्यावे? ३ लक्ष रुपयांत तेवढ्या किंमतीचे बिटकॉइन सरळ विकत मिळतात. भाव चढला तर तेही चढतात, त्यांना वीज लागत नाही, आणि विकताना त्यांची खरेदीची किंमत करातून वजा होते. घरी नाणे पाडणे फायद्याचे की नाही याची खरी कसोटी हीच आहे. तेवढाच पैसा खर्चून बाजारात किती नाणी मिळाली असती, याच्याशी ते ताडून पाहावे. विकत घेण्यातही बुडण्याचा धोका आहेच. येथे केवळ दोन मार्गांची तुलना केली आहे.

ज्यांना यंत्राची दगदग नको त्यांच्यासाठी 'तुमच्या वतीने आम्ही खनन करतो' असे सांगणारेही निघाले. महाराष्ट्रात गाजलेले 'गेनबिटकॉइन' प्रकरण अशाच प्रकारचे. त्यात दरमहा १० टक्के परताव्याचे वचन देऊन लोकांकडून बिटकॉइन गोळा केल्याचे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये या प्रकरणी अटका केल्या. ज्या व्यवसायात दर दोन आठवड्यांनी वाटा बदलतो आणि चार वर्षांनी बक्षीसच निम्मे होते, तेथे दरमहा ठरावीक टक्के देण्याचे वचन कोणत्या हिशेबावर दिले जाते, एवढा एकच प्रश्न त्या वेळी विचारला गेला असता तर अनेक कुटुंबांची बचत वाचली असती.

खनन कोठेच परवडत नाही असे मात्र नव्हे. भूतानमध्ये सरकारी कंपनी जलविद्युत वापरून बिटकॉइन मिळविते. नद्यांना पूर येतो तेव्हा तेथे विजेचा सुकाळ असतो आणि हवाही थंड असते. थंड देशांत यंत्राची उष्णता घर ऊबदार करण्यास उपयोगी पडते. झाशीत तिचा उपयोग जानेवारीच्या काही रात्रींपुरताच. येथील वीज बरीचशी कोळशाची. शहरापासून जवळच बेटवा नदीकाठी पारीछा येथे औष्णिक वीज केंद्र आहे. एका युनिटमागे स्थूलमानाने पाऊण किलो कोळसा धरला तर आपल्या यंत्रासाठी रोज ६३ किलो जळतो.

बुंदेलखंडात ऊन मुबलक आहे, मग सौर वीज का नको, असे विचारले जाते. एक किलोवॅटच्या सौर तावदानांपासून दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. ८४ युनिटांसाठी २१ किलोवॅटची तावदाने व सुमारे २०० चौरस मीटर मोकळी गच्ची हवी. सूर्यास्तानंतर यंत्र चालविण्यासाठी बॅटऱ्यांचा खर्च वेगळा, किंवा मग ते रोज संध्याकाळी बंद करावयाचे, म्हणजे मिळकतही त्या प्रमाणात कमी. आणि ती तावदाने बसविलीच, तर त्यांची वीज घरातील पंखे, पंप व शीतकपाट चालवून उरलेली विद्युत मंडळाच्या तारेत सोडता येते. त्या विजेची बिलात जेवढी वजावट मिळते, तेवढा खर्च यंत्राच्या नावे लिहिला पाहिजे, मग ती वीज स्वतःच्या गच्चीवर का निर्माण झालेली असेना.