मनोरुग्णालयाचें दार

गेल्या पावसाळ्यांत एका वाडीवरील वृद्ध बाई आमच्या दारीं आल्या. त्यांचा थोरला मुलगा तीन महिने गोठ्यांत बांधलेला होता आणि दाव्यानें पायास झालेली जखम चिघळली होती. "पाळकसाहेब, कोर्टाचा कागद कसा मिळतो, तेवढें सांगा," असें त्या म्हणाल्या. कोर्टाच्या हुकुमावांचून सरकारी इस्पितळांत वेड्यास घेत नाहींत, असें त्यांच्या सासऱ्यांनीं त्यांस सांगून ठेविलें होतें. सासऱ्यांच्या काळीं तें बहुतांशीं खरें होतें. कायदा बदलला, पण ती बातमी वाडीपर्यंत पोहोंचलीच नाहीं. उपदेशक बंधूंनीं हा विषय नीट समजून घ्यावा, म्हणून येथें लिहितों.

1912 च्या कायद्याप्रमाणें नातलगानें मॅजिस्ट्रेटाकडे अर्ज करावा, त्यास दोन डॉक्टरांचे दाखले जोडावे, मग हुकूम व्हावा, अशी रीत होती. आपण होऊन उपचार मागणाऱ्यासही दोन व्हिजिटरांची संमति लागे. आंत जाण्यास इतके कागद. बाहेर येण्याची चौकशी करणारा मात्र बहुधा कोणी नसे! पश्चिम बंगालांत तर ज्यांनीं कांहीं गुन्हा केला नाहीं असे मनोरुग्ण तुरुंगांत ठेवीत. तें बेकायदेशीर आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें शीला बर्से ह्यांच्या खटल्यांत 1993 सालीं ठरविलें. 1987 च्या कायद्यानें "वेडा" हा शब्द काढून "मनोरुग्ण" हा घातला, तरी मॅजिस्ट्रेटाच्या हुकुमाची वाट राहिलीच.

इस्पितळ दूर आणि कागद अवघड, तेव्हां लोक भलतीकडे जातात. तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आसपास अशा रोग्यांसाठीं खासगी आश्रम होते. 6 ऑगस्ट 2001 रोजीं पहांटे त्यांतील एका झोपडीवजा आश्रमास आग लागली. पुष्कळांच्या पायांत साखळ्या असल्यामुळें त्यांस पळतां आलें नाहीं. 28 माणसें मेलीं. दर्गा म्हणून आपण नाक मुरडूं नये. प्रार्थनेस बसवून औषध बंद करविणारे आपल्यांतही आहेत.

सांप्रत 2017 चा कायदा चालतो. तो 29 मे 2018 पासून अमलांत आला. ज्यास समजतें व जो राजी आहे, त्या प्रौढ रोग्यानें स्वतः मागितल्यास डॉक्टर तपासून त्यास दाखल करितात. ज्यास आपलें हित कळत नाहीं, त्याच्यासाठीं त्यानें नेमलेला प्रतिनिधि, आणि कोणी नेमला नसल्यास नातलग, अर्ज करूं शकतो. दोघे जाणकार, त्यांपैकीं एक मनोविकारतज्ज्ञ, रोग्यास स्वतंत्रपणें तपासतात. जिवास धोका, दुसऱ्यांस इजा, किंवा स्वतःची काळजी घेतां न येणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास त्यास 30 दिवसांपर्यंत ठेवितां येतें, आणि ती खबर पुनर्विलोकन मंडळास द्यावीच लागते. ह्यास कोर्टाचा हुकूम लागत नाहीं. रोग्यास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधणें ह्या कायद्यानें मना आहे. रस्त्यावर भटकणारा रोगी आढळल्यास त्यास संरक्षणाखालीं घेऊन 24 तासांच्या आंत सरकारी दवाखान्यांत नेणें हें पोलिसांचें काम आहे. त्यास कोठडींत ठेवतां येत नाहीं.

आपल्या प्रांतांत ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें जुनीं सरकारी मनोरुग्णालयें आहेत. तथापि आधीं जिल्हा रुग्णालयांत विचारावें. तितका लांबचा प्रवास पुष्कळांस करावाच लागत नाहीं. 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. ही सोय 2022 पासूनची आहे.

त्या बाईंबरोबर आम्ही स्वतः जिल्ह्याच्या गांवीं गेलों. आईनेंच अर्जावर अंगठा केला. मुलगा बावीस दिवस राहिला. पायाची जखमही तेथेंच भरली. घरीं आल्यावर शेजाऱ्यांनीं आठवडाभर पाणवठ्यावर त्या घराशीं बोलणें टाकिलें, तें आम्हांस बांधण्याहून फार निराळें वाटलें नाहीं. औषध दर महिन्यास आणावें लागतें. एस.टी.चें भाडें मंडळी देते आणि तेथील उपदेशक बरोबर जातात, कारण एकटा गेला तर तो परत फिरतो.