पार्किन्सनच्या औषध-चाचणीत नाव घालताना पैसे कुठे जातात?

कंपवातावरच्या, म्हणजे पार्किन्सनवरच्या नव्या औषधाची चाचणी आहे, नाव घालायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं की घरात आधी पैशांची चर्चा होते. चाचणीचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईसुद्धा मिळते. २०१९ च्या नियमांत तशी तरतूद आहे. ‘संशोधन चालू आहे’ म्हणत कुणी स्टेम सेलच्या इंजेक्शनचे लाखभर मागितले, तर तिथून उठावं. पार्किन्सनवर तो भारतात मान्य उपचारच नाही.

खिसा रिकामा होतो तो येण्याजाण्यात. चाचणी नागपूरला असेल तर वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर. एसटीत वयाच्या ७५ वर्षांपुढे तिकीट नाही, ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांनाही अर्धं. पण काही तपासण्यांना सकाळची गोळी न घेता बोलावतात. अंग आखडलेल्या माणसाला एसटीची पायरी कशी चढवणार? मग गाडी भाड्याने करावी लागते, सोबत्याची मजुरी बुडते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती जास्तच झोंबते. म्हणून संमतिपत्र मराठीतच मागा, घरी नेऊन वाचा. प्रवासखर्च कोण देणार, सोबत्याचं काय, चाचणी संपल्यावर औषध मिळणार का, हे विचारूनच सही करा. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत फुकट पाहता येते. क्रमांक मागायला संकोच नको.

त्याआधी निदान पक्कं करा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय इथून सुरुवात करता येते. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांतलं लेव्होसल्पिराइड, चक्करेवरचं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन यांनीही हुबेहूब असाच कंप येतो, आणि बहुतेकदा ते औषध बंद केल्यावर ओसरतो. (बंद मात्र डॉक्टरांनीच करायचं.) पार्किन्सन ठरतो तो मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवर. एमआरआय लागतो तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. मेंदूचा महागडा ट्रोडॅट स्कॅन सुचवला तर ‘याने उपचार बदलणार का?’ एवढं विचारा.

पार्किन्सनवरचं लेव्होडोपा-कार्बिडोपा हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने साध्या गोळीची कमाल किंमत सरकार ठरवतं. ती काही रुपयांत येते. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया साधारण १० ते १५ लाखांची, वर काही वर्षांनी बॅटरी बदलायची. लेव्होडोपाचा गुण येतो पण टिकत नाही, अशांनीच तिचा विचार करावा. २०१६ च्या कायद्यात पार्किन्सनही दिव्यांगत्वात मोडतो, तेव्हा दाखल्यासाठी अर्ज जरूर करा.

आणि कुणाच्या सांगण्यावरून खाजकुयलीच्या बियांची पूड चालू असेल तर तीही सांगा. त्या बियांत लेव्होडोपाच असतं, पण चमच्यागणिक किती, ते पुडीवरून कळत नाही. चाचणीतले आकडेही त्याने बिघडतात.