संगणक सुरू, रेडिओवर खरखर

प्रश्न : संगणक लावला की ७ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर खरखर वाढते. उपाय?

उत्तर : आधी रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही. आवाज थांबला तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण सुरू करत जा. बहुधा संगणकाऐवजी मॉनिटरचा किंवा लॅपटॉपचा स्वस्तातला अडॅप्टरच सापडतो. तो बदला. नाहीतर त्याची वायर ३१ नंबर मिक्सच्या फेराइट रिंगमधून सात-आठ वेळा ओवा. नुसती क्लिप अडकवून या बँडवर फारसा फरक पडत नाही. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होतो. यूएसबी आणि नेटवर्क केबललाही हेच करा. अँटेना घरापासून शक्य तितकी लांब न्या. अर्थिंगची पिन मात्र काढू नका; काही जण हा उद्योग करतात आणि तो जिवावर बेतू शकतो.