कागदावरचे कुलूप

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर स्टेथोस्कोप, टॉर्च आणि जीभ दाबण्याच्या पट्ट्या असतात. माझ्या टेबलावर गेली अनेक वर्षे मेणखडूंची एक डबीही असते. कागदांची ददात नाही, औषध कंपन्यांची पॅड येतच असतात. एका चिमुरडीने पॅडवर छापलेल्या प्रतिजैविकाच्या नावाला चाके काढून त्याची आगगाडी केली होती. त्या औषधाचा इतका निर्धोक उपयोग मी अन्यत्र पाहिलेला नाही!

चित्रावरून मुलाचा विकास जोखण्याची रीत आपल्याला नवी नाही. तीन वर्षांचे मूल वर्तुळ काढते, चौथ्या वर्षी त्याला अधिकचे चिन्ह जमते, पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण, हे आपण परीक्षेसाठी पाठ केलेले असते. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये माणसाचे चित्र काढायला सांगणारी चाचणी मांडली आणि भारतीय मुलांसाठी तिची श्रेणी तयार केली ती आपल्या बडोद्यात काम केलेल्या डॉ. प्रमिला फाटक यांनी. तीत मुलाने माणसाला कान काढले की नाही, हाताला बोटे किती दिली, हे पाहिले जाते. तो माणूस कोण, याला गुण नसतात.

रोगनिदानातही चित्राची मदत होते. डोकेदुखी असलेल्या २२६ मुलांना ‘तुझी डोकेदुखी काढून दाखव’ असे सांगून केलेला एक अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चित्रे वाचणाऱ्यांना रुग्णांची हकीकत ठाऊक नव्हती. तरीही मायग्रेन असलेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्यांना केवळ चित्रावरून ओळखता आली. हे वाचून माझा आत्मविश्वास नको तेवढा वाढला. त्या मुलांना नेमका प्रश्न विचारलेला होता आणि चित्र हे त्या प्रश्नाचे उत्तर होते, हा भेद माझ्या ध्यानात आला नाही.

त्याच सुमारास सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तीन महिने बेंबीभोवती पोट दुखत होते. वजन उत्तम, रात्री वेदनेने जाग येत नव्हती, मल-मूत्र तपासणी आणि सोनोग्राफी निर्दोष. मी त्याला घराचे चित्र काढायला सांगितले. त्याने खिडक्या नसलेले एक घर काढले, त्यात माणूस एकही नाही, आणि दारावर दारापेक्षाही मोठे, काळेभोर कुलूप. मी कागदाच्या मागे ‘एकाकीपणा, असुरक्षितता’ असे लिहिले आणि आईवडिलांना सांगितले की मुलाला घर बंदिस्त वाटते आहे. आई नोकरी करते, तिने त्याला अधिक वेळ द्यावा. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बिनपगारी रजा घेतली.

दोन महिन्यांनी ती दोघे पुन्हा आली. पोटदुखी तशीच होती. “डॉक्टर, आता मी दिवसभर घरीच असते. आणखी काय करू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. केवळ वेळ काढावा म्हणून मी फाइलमधील चित्र मुलापुढे ठेवले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते विचारले.

“हे कोणाचं घर रे?”

“आजोबांचं.”

“आणि कुलूप एवढं मोठं का?”

“त्यांचा चष्मा कुणी नेऊ नये म्हणून.”

थोड्या वेळाने, न विचारता, तो म्हणाला, “आजोबांचंपण पोट दुखायचं.”

दांडिया बाजारातील ते जुने घर आजोबांच्या निधनानंतर बंद होते. त्या दिवसांत मुलाला आत्याकडे ठेवले होते. पुढे सामानाची विल्हेवाट लावण्याची मोठ्यांची बोलणी मात्र त्याच्या कानावर पडत होती. मी ज्या कुलपात कोंडलेपण पाहिले, ते त्याच्या लेखी राखणदार होते. काळ्या रंगाचाही खुलासा झाला: “कुलूप काळंच असतं ना!”

इंग्लंडमधील डॉनल्ड विनिकॉट हे आपल्यासारखेच बालरोगतज्ज्ञ. पुढे ते मनोविश्लेषकही झाले. ते मुलाबरोबर रेघोट्यांचा एक खेळ खेळत. आपण एक सहज रेघ ओढायची, मुलाने तिचे काहीतरी करायचे; मग मुलाने रेघ ओढायची आणि डॉक्टरांनी ती पुरी करायची. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की डॉक्टरही कागदावर उतरतात, चुकीचे काहीतरी काढतात आणि मूल त्यांना सुधारू शकते. माझ्या पहिल्या भेटीत त्या मुलाला मला सुधारण्याची संधीच नव्हती.

आता मी ‘हे काय आहे?’ असेही फारसे विचारत नाही, कारण मुलाला ती परीक्षा वाटते. ‘याच्याबद्दल सांग ना,’ एवढेच म्हणते आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, दिनांकासह मागे लिहून ठेवते. चित्रात अमुक रंग म्हणजे तमुक भावना अशी कोष्टके पुस्तकांत सापडतात. पण आमच्या डबीत संध्याकाळपर्यंत निळा आणि गुलाबी खडू शिल्लक राहत नाहीत, हे त्या कोष्टकांना कसे कळावे? एकट्या चित्रावरून छळाचा वा अत्याचाराचा निष्कर्षही काढू नये. मात्र मूल स्वतः तसे काही बोलले किंवा तपासणीत तशी शंका आली, तर गप्प बसण्याची मुभा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळविणे आपल्यावर बंधनकारक आहे.

त्या मुलाला मी आजोबांचा आजार कोणता होता आणि त्याचे दुखणे निराळे कसे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. वडील त्याला एका रविवारी त्या घरी घेऊन गेले. पोटदुखी एकदम थांबली नाही. हळूहळू कमी होत गेली आणि शाळेच्या परीक्षेच्या वेळी पुन्हा एकदा डोकावली. आईची मी क्षमा मागितली. गेलेला पगार काही त्याने परत मिळणार नव्हता. त्यांनी राग धरला नाही. मूळ चित्र मात्र मागून घेतले. माझ्या फाइलीत त्याची झेरॉक्स आहे, दोन्ही बाजूंची.