नागलीच्या बिस्किटांसाठी मिक्सर घेताना



दिवाळी जवळ आली की जुन्या बेकऱ्यांसमोर काय चित्र असतं ते तुम्हाला माहीत आहे. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बायका नंबर लावून बसतात आणि घरच्या सामानाची नानकटाई भाजून नेतात. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी बेकिंगचा पहिला धडा तिथेच बघितला. आता आपले काही गट स्वतःच ओव्हन लावून बसलेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. तेव्हापासून प्रदर्शनांत नागलीच्या बिस्किटांना विचारणा वाढली आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडची नागली तर आपल्या घरचीच. ओव्हन आला, पण तूप फेसायला अजून हातच. म्हणून प्रत्येक बैठकीत एक प्रश्न येतो, "मॅडम, तो उभा मिक्सर कोणता घ्यायचा?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं आहे. आधी तेच सांगते.

पेठ तालुक्यातल्या दहा जणींच्या एका गटाला मी फोनवर एक मिक्सर दाखवला. मोठ्या अक्षरात वॅटचा मोठा आकडा, पाच लिटरचं चकचकीत भांडं, चांदण्याही भरपूर. ९,६०० रुपये. गटाने अंतर्गत कर्ज काढलं, महिना १ टक्का व्याज, १२ हप्ते. एका मावशींनी तेव्हाच विचारलं होतं, "पोरी, बिघडलं तर कुठं न्यायचं?" मी म्हटलं, "वॉरंटी आहे ना." तिसऱ्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती. घाणामागून घाणा काढताना जळका वास आला आणि मशीन बंद पडलं. फोन केला तर पहिलाच प्रश्न आला, "घरगुती वापर की धंदा?" वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, धंद्यासाठी वापरल्यास वॉरंटी लागू नाही. मशीन गेलं, हप्ते मात्र बाराच्या बारा फेडावे लागले. समाजकार्याच्या पदवीत मोटरचा धडा नव्हता. त्यानंतर मी तो शिकले, मोटर भरणाऱ्यांकडे आणि बेकरीवाल्यांकडे बसून.

आपल्याकडे मिक्सर म्हटलं की चटणी वाटायचा. हा वेगळा. यात भांडं जागेवर राहतं आणि वरून येणारं पातं स्वतःभोवती फिरत फिरत भांड्यालाही फेरी घालतं. त्याला प्लॅनेटरी म्हणतात. सोबत तीन जोड येतात. वाकडा हूक कणीक मळायला, पानासारखं चपटं पातं तूप-साखर फेसायला, आणि तारांचा फुगा अंडी किंवा क्रीम फेटायला.

आता तुमचं काम कोणतं ते बघा. गव्हा-मैद्याचा पाव करायचा असेल तर पीठ खूप मळावं लागतं, चिवट कणीक पात्याला ओढून धरते आणि सगळा जोर मोटरवर येतो. नागलीला गव्हासारखा चिकट तंतू नसतो. तिला मळून काही साधत नाही. उलट बिस्किटात गव्हाचं पीठ मिसळलं असेल तर जास्त मळल्याने बिस्किट कडक होतं. आपल्या कामात हात भरून येतात ते तूप आणि पिठीसाखर फेसताना. पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं, त्यातली हवाच बिस्किट खुसखुशीत करते. म्हणजे मशीनला फक्त फेसायला लावायचं आणि पीठ परातीत हाताने मिसळायचं. मोटरवर ताण कमी येतो आणि छोटं मशीनही पुरतं.

हिशोब करून बघू. १ किलो पिठाला अर्धा किलो तूप, अर्धा किलो साखर धरा. पाच लिटरच्या भांड्यात पिठासकट सगळं घातलं तर एका वेळी साधारण किलोभर पिठाचाच घाणा बसतो. १० किलो पिठाच्या ऑर्डरला दहा घाणे. तेच नुसतं तूप-साखर फेसलं तर १ किलो तूप आणि १ किलो साखर एका वेळी बसते, म्हणजे २ किलो पिठाचं काम. १० किलोला पाच घाणे. मशीन तेच, काम निम्मं. पेठच्या गटाला मी हे आधी सांगितलं असतं तर कदाचित ते मशीन अजून चालू असतं. जाहिरातीत "५ लिटर" लिहिलेलं असतं ते काठोकाठ भांड्याचं माप. तेवढं पीठ त्यात मळता येत नाही. किती किलो पीठ चालेल हे माहितीपुस्तकात वेगळं दिलेलं असतं, तो आकडा शोधा. नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या.

वॅटच्या आकड्याने मी फसले, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलते. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं. पात्यापर्यंत किती जोर पोचतो ते त्यातून कळत नाही. खादाड बैल जास्त ओढतोच असं नाही ना, तसंच. खरी माहिती मशीनच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर असते. तिथे केबी ही दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे ५ किंवा १० मिनिटं असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ एवढा वेळ चालवा, मग थंड होऊ द्या. घरच्या चटणीच्या मिक्सरवरही "एवढी मिनिटं चालू, एवढी बंद" असं असतं, आपण ते कधी वाचत नाही. पट्टीवर ५ मिनिटं असतील आणि तुमचा घाणा फेसायला १० मिनिटं लागत असतील, तर घाण्याच्या मध्येच थांबायची तयारी ठेवा किंवा ते मशीन घेऊ नका.

मोटरनंतर गिअर. काही मशीनमध्ये गिअर प्लॅस्टिकचा, काहींत धातूचा. प्लॅस्टिकचा आवाज कमी करतो, पण घट्ट पिठात त्याचे दाते झिजतात. दुकानदाराला सरळ विचारा, "आत गिअर कशाचा?" सांगता येत नसेल तर त्याने ते मशीन कधी उघडलेलं नाही एवढं तरी समजतं. घरगुती मशीनच्या मोटरला कार्बन असतात, ते झिजतात आणि बदलावे लागतात. बाहेरून झाकण काढून बदलता येतात का ते बघून घ्या.

बेकरीच्या सामानाच्या दुकानात दहा-वीस लिटरची जड यंत्रं मिळतात. महाग असतात. पण त्यांत बहुतेक वेळा विहिरीवरच्या पंपासारखी इंडक्शन मोटर असते. जळाली तर तालुक्याला जो पंपाची मोटर भरतो तोच हीसुद्धा भरून देतो. रोज काम असलेल्या गटाला मी हेच सुचवेन, जुनं का असेना. घेताना एक गोष्ट नक्की विचारा, सिंगल फेज की थ्री फेज? घरात थ्री फेज नसेल तर ते यंत्र नुसतं उभं राहील. आठवड्यातून एखादी ऑर्डर असेल तर मात्र एवढा पैसा अडकवू नका, घरगुती मशीन नीट जपून वापरा.

बिघडलं तर कुठं न्यायचं, हा त्या मावशींचा प्रश्न काही नवा नाही. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि दुरुस्त होईना. आपल्या वाटणाघाटणाला टिकेल असं यंत्र इथेच बनवू म्हणून त्यांनी खटपट केली आणि त्यातून सुमीत मिक्सर आला. तुमच्यापैकी कोणाच्या सासूबाईंकडे असेलही अजून. आपल्याला कारखाना काढायचा नाही, पण पैसे देण्याआधी एक फोन करायचा आहे. कंपनीच्या नंबरवर आपल्या गावाचा पिनकोड सांगा आणि विचारा, सेंटर कुठे आहे, माणूस गावात येतो की मशीन आम्ही आणायचं, कार्बन आणि गिअर मिळतो का, कितीला मिळतो. पेठहून नाशिक ५० किलोमीटरच्या वर आहे. मशीन पोत्यात बांधून एसटीने सीबीएसला न्यायचं, परत आणायला पुन्हा जायचं, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. हा खर्च मशीनच्या किमतीत धरा. ऑनलाइन हजार रुपये स्वस्त मिळालं तरी दोन फेऱ्यांत ते गेले.

आता लाइटचं. व्होल्टेज कमी झालं की मोटर नेट लावते, वेग पडतो, आतून तापते. शेतात पंप कसा गुणगुणतो आणि मग जळतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. वायरमनला सांगून घरातला व्होल्टेज सकाळी आणि रात्री ७-८ ला मोजून घ्या. २३० च्या आसपास हवा. २०० च्या खाली जात असेल तर त्या वेळी मशीन लावायचं नाही, किंवा स्टॅबिलायझर घ्यायचा, तोही मशीनच्या वॅटपेक्षा चांगला मोठा. पातळ वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर तर लावूच नका. आणि अर्थिंग तपासा. ओले हात, स्टीलचं भांडं आणि अर्थिंग नसलेला प्लग, यात जीव जातो. तीन पिनांतली जाड पिन काढून टाकून प्लग घुसवलेला मी दोन घरांत बघितलाय. (एकीच्या भाच्याने अमेरिकेतून मशीन पाठवतो म्हटलं होतं. तिकडची वीज १२० व्होल्टची. ते इकडे सरळ लावलं तर जळेल.)

दुकानात जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. अर्धा किलो तूप, अर्धा किलो पिठीसाखर सोबत न्या आणि समोर फेसून दाखवायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मशीन टेबलावर सरकतं का, डोकं वर-खाली उडतं का, भांड्याच्या तळाशी न फेसलेलं तूप राहतं का ते बघा. थांबवल्यावर मोटरच्या वर हात ठेवा आणि वास घ्या. वजनाला जड मशीन सहसा जागा सोडत नाही. आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा. थंडीत तूप दगडासारखं होतं. दुकानात आणि घरीही ते थोडा वेळ उन्हात ठेवून मऊ करा, मगच भांड्यात घाला. सुरुवात नेहमी सगळ्यात हळू वेगाने करायची.

बिल पक्कं, गटाच्या नावाने, जीएसटी नंबरसह. वॉरंटीत धंद्याच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते दुकानातच वाचा, वाचता येत नसेल तर मुलीला सोबत न्या. आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नका. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही असं कोणी सांगितलं तर ते अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर घेणारी व्यक्ती ग्राहकच धरायची. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन लावा. पेठच्या गटाच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. बिलही एका ताईच्या मुलाच्या नावाने निघालं होतं.

पैशांचं एक राहिलं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी २०२० ला आली, यंत्रासाठीच्या बँक कर्जावर ३५ टक्के अनुदान आहे आणि गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल व छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल. सध्या अर्ज घेतले जात आहेत का ते कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण अनुदान आहे म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊ नका, उरलेलं कर्ज आपल्यालाच फेडायचं असतं.

पेठच्या गटाने शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात भरला. त्या मशीनचं स्टीलचं भांडं अजून वापरात आहे, त्यात पीठ मोजतात. आता त्यांना दुसरं घ्यायचंय आणि या वेळी दुकानात मावशी स्वतः येणार आहेत.

या महिन्याच्या बैठकीला ज्या गटांना मिक्सर घ्यायचाय त्यांनी तीन गोष्टी लिहून आणाव्यात. एका आठवड्यात किती किलो तूप फेसता, घरातला सकाळचा आणि रात्रीचा व्होल्टेज किती, आणि तुमच्या गावापासून सर्वांत जवळ मोटर भरणारा कुठे आहे.

तुमची क्षेत्र समन्वयक