मिमिक : खजिन्याच्या पेटीचं सोंग घेणारा राक्षस



आजचा पाठ मला एका उत्तरपत्रिकेमुळे सुचला. आठवीच्या चाचणीत साधा प्रश्न होता : ५, ६ आणि ७ सेमी बाजू असलेल्या त्रिकोणाची परिमिती काढा. वर्गातल्या एका हुशार मुलाने उत्तर लिहिलंच नाही. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बाई, ही खरी पेटी आहे की मिमिक?" मला काही कळेना. मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. त्याने मला जे समजावून सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एका पात्राची भूमिका घेऊन खेळतो. भुयारं, किल्ले, मनोरे पालथे घालायचे, राक्षसांशी लढायचं आणि वाटेत दिसेल ती पेटी उघडायची. पेटीत नाणी असतात, औषध असतं, एखादी चांगली तलवारही मिळते. दहा-वीस पेट्या उघडून हात सरावला की एक पेटी अशी निघते की झाकण उचलताच आत दात! ही पेटी नसतेच, पेटीचं सोंग घेऊन बसलेला राक्षस असतो. त्याचं नाव मिमिक. शब्द तुमच्या ओळखीचा आहे बघा. गॅदरिंगमध्ये नटांचे आवाज काढतात त्याला आपण मिमिक्री म्हणतो, त्यातलाच हा.

निसर्गातही असं सोंग असतं. वाळक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू स्वतःचा जीव वाचवण्यासाठी लपतं. पण आग्नेय आशियातला ऑर्किड मॅन्टिस, म्हणजे प्रार्थनाकीटकाचा एक भाऊबंद, फुलासारखा दिसतो आणि मधाच्या आशेने आलेल्या किड्यांना पकडतो. मिमिक या दुसऱ्या जातीचा. तो भीतीचा फायदा घेत नाही, आशेचा घेतो.

हा राक्षस व्हिडिओ गेममध्ये जन्मला नाही. अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळतात. त्या खेळासाठी गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेलं 'मॉन्स्टर मॅन्युअल' हे पुस्तक १९७७ साली आलं. त्यात मिमिक आहे. तो दगड किंवा लाकडाचं रूप घेतो, पेटी किंवा दार बनून बसतो आणि हात लावणाऱ्याला चिकट द्रवाने धरून ठेवतो. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात याची एक लहान, हुशार जातही आहे. तिला खायला दिलं तर ती मैत्री करते आणि आसपास काय काय पाहिलं ते सांगते. मला ही जात जास्त आवडली, पण पुढच्या गेमवाल्यांनी बहुतेक ठिकाणी दातवालीच उचलली.

जपानमध्ये १९८८ साली 'ड्रॅगन क्वेस्ट ३' आला. त्यात पेटीचे दोन राक्षस आहेत. एकाच्या जपानी नावाचा सरळ अर्थ 'माणूस खाणारी पेटी', आणि दुसरा मिमिक. हा मिमिक एका मंत्राने आपल्या गड्याला जागच्या जागी मारू शकतो. पण त्याच गेममध्ये उपायही ठेवलाय. मांत्रिकाला 'इनपास' नावाचा मंत्र येतो. तो पेटीवर टाकला आणि लाल उजेड दिसला तर आत राक्षस, निळा दिसला तर पेटी बिनधोक.

आता थोडं गणित करू. या गेममध्ये सगळे गडी पडले तर आपली निम्मी नाणी जातात. समजा (आकडे माझे) दहा पेट्यांत एक मिमिक आहे, खऱ्या पेटीत १०० नाणी मिळतात आणि मिमिक निघाला तर आपण हरतोच. तुमच्याकडे ४०० नाणी असतील तर एका पेटीमागे सरासरी फायदा ९०, तोटा २०० चा दहावा भाग म्हणजे २०. उघडा खुशाल! पण तुमच्याकडे २००० नाणी असतील तर फायदा तोच ९०, तोटा मात्र १०० होतो. म्हणजे पेटी तीच, धोका तितकाच, तरी एकाने उघडावी आणि दुसऱ्याने आधी मंत्र टाकावा. १८०० नाण्यांवर दोन्ही बाजू सारख्या होतात. करून बघा.

२०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये असा मंत्रही लागत नाही. तिथे पेटीच्या बाजूला साखळी असते. खऱ्या पेटीची साखळी मागच्या बाजूला वळलेली, मिमिकची सरळ पुढे आलेली. फरक इतका बारीक की पहिल्यांदा कोणाच्याच लक्षात येत नाही आणि मिमिक आपल्याला चावून खातो. पण साखळी तिथे होतीच! चिडलेला खेळाडू परत येतो, नीट बघतो आणि कपाळावर हात मारतो. शिवाय मिमिकला हरवलं तर त्याच्याकडून चांगलं हत्यार मिळतं.

हे सांगताना त्या मुलाने मला विचारलं, "बाई, तुमच्या प्रश्नाला साखळी कुठे होती?"

कोणता प्रश्न ते मला लगेच कळलं. आधीच्या चाचणीत मी विचारलं होतं : ३, ४ आणि ८ सेमी बाजू असलेल्या त्रिकोणाची परिमिती काढा. जवळजवळ सगळ्या वर्गाने १५ लिहिलं. मी सगळ्यांना शून्य दिलं, कारण ३ आणि ४ ची बेरीज ८ पेक्षा कमी, असा त्रिकोणच होत नाही. तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मुलांना "काढा" असं सांगितलं होतं. शिक्षक काढायला सांगतात म्हणजे ते काढता येतं, हा त्यांचा विश्वास. मी त्या विश्वासाचीच पेटी केली. त्यानंतर हा मुलगा सरळ प्रश्नालाही हात लावायला घाबरू लागला. ५, ६, ७ चा त्रिकोण होतो हे त्याला तोंडी येत होतं. "तरी पण वाटलं, यात अजून काहीतरी असेल," म्हणाला.

आधीच्या चाचणीचे गुण तोवर प्रगतिपुस्तकात चढले होते, ते बदलता आले नाहीत. ५, ६, ७ च्या प्रश्नाचा गुण मी त्याला तोंडी उत्तर घेऊन दिला. आता असा प्रश्न घालते तेव्हा शेवटी एक ओळ असते : "असा त्रिकोण काढता येईल का, ते आधी तपासा." सहकारी म्हणतात, मग उरलं काय? माझ्या मते बरंच उरतं. गेल्या वेळी ही ओळ वाचूनही नऊ जण चुकले, पण एकही जण भांडायला आला नाही.

गृहपाठ : वरच्या उदाहरणात दहापैकी दोन पेट्या मिमिक असतील, तर किती नाण्यांवर दोन्ही बाजू सारख्या होतील? आणि ४, ५, ९ सेमी बाजूंचा त्रिकोण पट्टी-कंपास घेऊन काढून बघा. काय दिसलं ते वहीत लिहून आणा.